सकाळची गोळी

दवाखान्याच्या दारात तो माझ्यावर जवळजवळ आदळलाच.

"दाताचे डॉक्टर आत आहेत का?"

"आत नाहीत, तुमच्यासमोर आहेत."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. सायकलवरून पडून त्याचा वरचा एक दात गेला होता, तिथे इम्प्लांट बसवायचं होतं. तपासणी, एक्स-रे, स्कॅन... तीन खेपा झाल्या. चौथ्यांदा तो उगाचच आला.

"दात नाही, ती जागा दुखतेय."

"दातच नाही, तर दुखतंय काय?"

"तेच... तुम्ही बघा ना!"

मी हसले. तोही हसला. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत राहिला.

ऑपरेशनच्या दिवशी भुलीची सिरिंज हातात घेऊन मी शेवटचं विचारलं, "कुठली गोळी चालू नाही ना?"

"छे!"

तेवढ्यात त्याची ताई दारातून डोकावली. "अरे, ती रक्त पातळ करायची गोळी घेतलीस ना सकाळी?"

सिरिंज हवेतच थांबली.

"कधीपासून?"

"पायात गुठळी झाली होती... वर्ष झालं."

"आणि फॉर्मवर 'काही नाही' लिहिलंत? रक्त थांबलंच नसतं, तर मी काय केलं असतं?"

तो पुटपुटला, "तुमच्यासमोर... धडधाकट दिसायचं होतं."

मी रागानं सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली. मग डोळे का भरून आले?

"उठा. आज काही होणार नाही. आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही!"

मी त्याच्या डॉक्टरांशी बोलले. रक्ताची तपासणी झाली, नवी तारीख ठरली. त्या दिवशी तो खुर्चीत बसला, तर हातमोजे घालून समोर आमचे सर, दवाखान्यातले मोठे डॉक्टर.

"तुम्ही... नाही करणार?" त्यानं मला विचारलं.

"नाही."

"अजून राग आहे?"

"राग असता तर बरं झालं असतं," मी कसंबसं म्हणाले. "यादीत तुमचं नुसतं नाव दिसलं तरी माझा हात थरथरतो. अशा हातानं हाडात ड्रिल चालवायचं नसतं."

तो आ वासून बघतच राहिला.

"उत्तम!" सर म्हणाले. "तोंड उघडलंच आहे, तर भूल देऊन टाकतो."

तासाभरात सगळं नीट पार पडलं. रक्तही वेळेवर थांबलं. मी वाकून सूचना दिल्या — "बोळा घट्ट दाबून ठेवा. बोलायचं नाही, एक शब्दही नाही."

त्यानं मान डोलावली. मग हात पुढे केला. मी माझा हात दिला, तसं त्यानं माझ्या तळव्यावर बोटानं सावकाश लिहिलं — 'हो'.

मी थक्कच! अहो, मी तर अजून काही विचारलंच नव्हतं...