पडद्यावरची लेक

"ही कोण बाई?" ढुंढिराजशास्त्र्यांनी विचारलं, आणि चहा घेऊन आलेल्या अनसूयाबाईंनी मान वळवून पाहिलं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर मृण्मयी हसत होती... औषधांनी डोक्यावरचे केस गेलेले, गाल बसलेले, तरीही हसत होती! जन्मदाता पोटच्या लेकीला ओळखत नव्हता, आणि आईला तिचं नाव उच्चारायची सोय नव्हती. काय हे प्राक्तन!

मृण्मयीने सिन्नरच्या कारखान्यातल्या परजातीच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा शास्त्रीबुवांनी रामकुंडावर उभं राहून जिवंत लेकीच्या नावाने तिलांजली दिली होती. दूरदूरच्या यजमानांच्या पितरांना तृप्त करणारे हात ते! घरी येऊन त्यांनी बजावलं, "या घरात तिचं नाव काढलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील!" अनसूयाबाईंनी ती शपथ पाळली... ओठांनी पाळली. पण लेक अंथरुणाला खिळल्यापासून भजनाचं निमित्त सांगून त्या सिन्नरची बस धरत, तिच्या उशाशी बसत, तिला पेज भरवत आणि निघताना मोबाइलवर तिचा फोटो घेत; न जाणो, उद्या... पुढचा विचार त्या करत नसत.

दिवाळीला आलेल्या गौरांगने, त्यांच्या मुलाने, "आई, तुझ्या फोनमधले फोटो आता आपोआप बाबांच्या कॉम्प्युटरवर दिसतील" म्हणत काहीतरी जोडून ठेवलं होतं. त्यांना वाटलं, रांगोळीचे आणि फराळाचे तेवढे दिसतील. भोळी बाई! पत्रिका मांडता मांडता बुवांचा हात जरा थांबला, की ते यंत्र फोनमधला एकेक फोटो समोर आणत असे.

"अगं, विचारतोय मी. कुणी यजमानीण आहे का? फार आजारी दिसते बिचारी."

अनसूयाबाईंनी तोंडात पदर कोंबला. सांगावं तर शपथ आड येते, न सांगावं तर लेक हातची जाते...

फोटो बदलला. आता तीच बाई पेजेची वाटी दूर सारत, एक डोळा बारीक करून नाक मुरडत होती. पाडव्याला कडुलिंबाची चटणी हातावर ठेवली की अस्संच... शास्त्रीबुवा खुर्चीतून अर्धवट उठले.

"मृण्मयी?"

इतक्या वर्षांनी या घरात ते नाव उच्चारलं गेलं, आणि ते त्यांनीच उच्चारलं!

"डॉक्टरांनी आशा सोडलीय हो!" अनसूयाबाईंचा बांध फुटला. "दर वेळी विचारते, बाबा येतील का..."

शास्त्रीबुवांनी हात पडद्यावरच्या लेकीच्या गालाकडे नेला. कोपर माउसला लागलं आणि मृण्मयी नाहीशी झाली. पडद्यावर कुणा परक्याची अर्धवट पत्रिका तेवढी उरली.

"कुठे गेली? अगं, आण ना तिला परत!" तो कर्मठ माणूस लहान मुलासारखा रडू लागला. "मीच घालवली गं... मीच!"

"मला नाही हो येत ते." अनसूयाबाईंनी डोळे पुसले. "सिन्नरची बस तेवढी ठाऊक आहे. चला."

बसमध्ये बराच वेळ ते आपल्या तळहातांकडे पाहत होते.

"दिलेली तिलांजली परत घ्यायचा विधी माझ्या कुठल्याच पोथीत नाही गं... काय करू मी?"

अनसूयाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तिच्या हातचं पाणी प्या," त्या म्हणाल्या. "पेला उचलण्याइतकी शक्ती अजून आहे तिच्यात."