उचल माका रे

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचा एक शब्द नाही.

देवबागला माझी मावसबहीण असते, सत्यवती. तिच्याच घरात, गेल्या श्रावणातल्या अमावस्येला, ऐन तिन्हीसांजेला हे घडलं. मी ते तिच्याकडून ऐकलं, मग तिच्या मुलीकडून, सोनलकडून. दोघींच्या सांगण्यात केसभरही फरक नाही.

सत्यवतीचा मुलगा सुशांत शिमग्याआधी बुडाला. खाडी समुद्राला मिळते तिथे होडी उलटली. होडीत दोघंच होते. तो आणि त्याचा जिवाभावाचा मित्र सर्वेश.

सर्वेश पोहून आला.

सुशांत आला नाही. त्याचं काहीच मिळालं नाही.

"मी दोनदा मागे फिरलंय, काकी," सर्वेश तिच्या पायाशी बसून रडला. "खंयच दिसाक नाय."

गावाने मान डोलावली. सत्यवतीनेही. पण तिचं मन मानेना. आपला पोरगा शेवटी एकटा नव्हता, त्याला कुणीतरी शोधलं, एवढं तरी खरं असावं, असं तिला वाटायचं.

श्रावणात भटजींनी दर्भाचा पुतळा करवला. शरीर सापडलं नाही की आपल्याकडे पुतळ्यालाच अग्नी देतात.

"याची दुसरी प्रतिमा मागे उभी ठेवू नका," भटजी म्हणाले. "जीव घुटमळतो."

फोटो उतरवून पेटीत ठेवले. आणि सोनलला आठवलं... संगणकातला तो.

सुशांतला एका खेळाचं वेड होतं. चौघांनी मिळून परग्रहावर लढायचं. डोक्यापासून पायापर्यंत चिलखत, हवं तसं रंगवायचं. सुशांतने आपल्या योद्ध्याला घरच्या होडीचे रंग दिले होते. निळं अंग, छातीवर पांढरा पट्टा. साथीदार पडला तर दुसऱ्याने गुडघा टेकून त्याला उठवायचं. मग यान येतं, सगळ्यांनी चढायचं.

रोज संध्याकाळी पडवीत सुशांतचा ओरडा असायचा, मी इथे पडलोय, उठवा म्हणून. "उचल माका रे! हंयसर आसंय!"

"कोणाक उचलतंस?" सत्यवती आतून म्हणायची. "आधी आपला ताट उचल!"

सोनलने रडत तो निळा योद्धा पुसून टाकला. मग पुतळ्याला अग्नी दिला.

अमावस्येला सर्वेश भेटायला आला. घर गप्प होतं. सत्यवतीच म्हणाली, "खेळा रे दोघां. घरात तो आवाज होऊंदे."

सर्वेशला नको होतं. पण नाही कसं म्हणणार?

तो आपल्या लॅपटॉपवर बसला, सोनल सुशांतच्या संगणकावर. दोन योद्धे उतरले. दोन जागा रिकाम्या.

थोड्या वेळाने तिसरा आला...

त्याला नाव नव्हतं.

निळं अंग. छातीवर पांढरा पट्टा.

"दादाचो..." सोनल पुटपुटली. "मी पुसलंय त्याका. माझ्या हातान."

स्पीकरमधून आवाज यायला लागला. गोळ्यांचा नव्हे. फळीवर पाणी आपटावं तसा... चुबुक... चुबुक...

बाहेर खाडीला ओहोटी होती.

निळा योद्धा चालत सर्वेशच्या योद्ध्यापाशी आला. शत्रू कुठेच नव्हता. तरी निळा योद्धा खाली पडला.

सोनलच्या योद्ध्याने धावत जाऊन गुडघा टेकला. काही होईना. पुन्हा टेकला. नाहीच.

मग स्पीकरमधून, अगदी हळू...

"उचल माका रे... हंयसर आसंय..."

सत्यवती तुळशीपाशी होती. हातातला दिवा घेऊन तशीच आत आली. आईला आवाज ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"सर्वेशा," ती म्हणाली. "उचल त्याका."

सर्वेशचा योद्धा हातभर अंतरावर उभा होता. एक कळ दाबायची होती, फक्त एक.

"उचल रे!"

सर्वेशची बोटं हलली. त्याचा योद्धा वळला... आणि यानाकडे पळत सुटला.

यान उडालं.

खाली निळा योद्धा पडून होता. एक हात वर केलेला. पाण्याचा आवाज वाढत गेला, आणि एकदम थांबला.



"भियालंय, काकी," सर्वेश म्हणाला.

सत्यवतीने दिवा त्याच्या तोंडाजवळ धरला. "होडी उलटली तेवांय असोच पळान इलंस मां? मागे न बघता?"

 लॅपटॉप तिथेच टाकून, चपला न घालता तो निघून गेला.

आता सर्वेशचा होमस्टे आहे. बरा चालतो. गावातल्या प्रत्येक लग्नात पहिल्या पंगतीला बसतो. सत्यवतीने सगळ्यांना सांगून पाहिलं. "म्हातारी भ्रमलीहा," लोक म्हणतात. खेळातल्या गोष्टीवरून कुणाला दोष कसा द्यायचा?

निळा योद्धा पुन्हा दिसला नाही. सोनलने खूप शोधला.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. तिन्हीसांजेला सत्यवतीने तुळशीला दिवा लावला आणि येऊन संगणकापुढे बसली. सगळा खेळ तिला येत नाही. सोनलकडून एकच कळ शिकलीय... पडलेल्याला उठवायची.

तिचं बोट त्या कळीवर होतं.

"येतलो काय गो?" मी विचारलं.

"माका तो सापडाक नाय, तर त्याका तरी कोणतरी सापडांदे," ती म्हणाली.

मी उठलो. पायरी उतरताना मागून आवाज आला. चुबुक... चुबुक...

खाडीचा असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

मागे वळून पाहण्याची हिंमत मात्र मलाही झाली नाही.