नात्याचं स्वरूप : इतर

खिडकीच्या फटीतून एक हात आत आला. हातात रुमालाची पुरचुंडी होती आणि पुरचुंडीत एक कवळी.

"माझ्या गाडीत सापडली," हाताचा मालक म्हणाला. "जरा अनाउन्स करा ना."

बसस्थानकावर घोषणा करणारी ती मुलगी कवळीकडे बघतच राहिली. तीन वर्षांत तिने हरवलेली मुलं पुकारली होती, पिशव्या पुकारल्या होत्या, एकदा तर नवरदेवसुद्धा. पण दात?

"काय म्हणू? ज्यांचे दात हरवलेत त्यांनी हसत हसत नियंत्रण कक्षात यावं?"

"हसत कसे येतील? दात तर इथे आहेत."

तिने हसू दाबलं, माईकचं बटण दाबलं आणि आपल्या गोड, संथ आवाजात सांगितलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. एक नाजूक वस्तू सापडली आहे. ज्यांना आज जेवताना अडचण येणार आहे, त्यांनी नियंत्रण कक्षाशी संपर्क साधावा." दहा मिनिटांत एक आजोबा तोंडावर हात धरून हजर! तोवर तो ड्रायव्हर खिडकीशीच रेंगाळला होता. खरं तर त्याचं काम केव्हाच झालं होतं.

मग त्याच्या गाडीत फारच वस्तू सापडायला लागल्या. छत्री. एका पायाची चप्पल. सुयांसकट अर्धवट विणलेला स्वेटर. एक दिवस त्याने खिडकीत नुसतं बटण ठेवलं.

"बटणासाठी घोषणा?"

"कुणाचा तरी जीव अडकला असेल त्यात…"

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या शर्टाचं तिसरं बटण कुठाय हो?"

त्याने मान खाली घालून बघितलं आणि त्याचे कान लालबुंद झाले. बटण तिथेच टाकून स्वारी पसार झाली. तिने ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं. टाकलं कसलं, जपून ठेवलं.

एकदा पाच वाजता ती कक्षाबाहेर आली तेव्हा त्याने तिची चाकांची खुर्ची पहिल्यांदा पाहिली. आता याचा चेहरा उतरणार, मग तो दुप्पट हळू आणि दुप्पट मोठ्याने बोलायला लागणार… हे तिला पाठ होतं. तो मात्र वाकून पुढच्या चाकाकडे बघत राहिला.

"कुरकुरतंय. तेल घालत नाही का याला कुणी?"

"वेळ कुठे मिळतो? माझी रॅम्पची गाडी, खुर्चीसकट चढता येते ती, पाचला सुटते. शेवटची फेरी."

"इतक्या लवकर? इथल्या बस तर रात्रीपर्यंत चालतात."

"तेच तर! कायम नोकरीसाठी आठपर्यंतची पाळी करावी लागते. महिनाअखेरपर्यंत जमवा, नाहीतर दुसरी मुलगी घेतो, असं सांगितलंय साहेबांनी."

खिशातून तेलाची छोटी बाटली काढून त्याने विचारलं, "घालू का?" ती हो म्हणाली तेव्हाच त्याने चाकाला हात लावला. आधी विचारणारी माणसं तिला आयुष्यात फार थोडी भेटली होती. त्या संध्याकाळी घरी ती उगाचच गुणगुणत होती, आणि आईने डाळ निवडता निवडता कान टवकारले होते.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग समितीचे कागद आले.

ती रॅम्पची गाडी कुणी चालवायची, हे एक समिती ठरवायची. त्यात पालिका होती, रुग्णालय होतं, दोन स्थानिक संस्था होत्या आणि गाडीने रोज जाणारे तीन जण होते. या तिघांत ती होती. पूर्वी अपंगांविषयी सगळं ठरायचं ते त्यांना घरी बसवून. या तीन खुर्च्या मिळवताना तिच्या चपला झिजल्या नाहीत, टायर झिजले, असं ती म्हणायची. सभागृहात चाकांच्या खुर्च्या मावत नाहीत म्हणून, बाहेर थांबलेल्यांना सगळं ऐकू यावं यासाठी, कॉरिडॉरमध्ये स्पीकरही तिनेच भांडून बसवून घेतला होता.

जुन्या ठेकेदाराची मुदत संपली होती. नवे अर्ज दोन. एक मोठी कंपनी होती, अनुभवी, पण फेऱ्या पाचपर्यंतच. दुसरी ड्रायव्हरांची सहकारी संस्था, फेऱ्या आठपर्यंत. आठपर्यंत! ती खुर्चीतच उडाली. कायमची नोकरी तिला समोर दिसायला लागली. मग तिने पान उलटलं. संस्थेच्या ड्रायव्हरांचे फोटो होते, आणि दुसऱ्या ओळीत तो. फोटोतही तिसरं बटण नव्हतं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. छत्र्या, चपला, ते तेल… हे सगळं मतासाठी होतं? छे! तो तसा नाही. पण नसेल कशावरून? आणि नसला तरी नियम नियमच होता. अर्जदाराशी कसलंही नातं असेल तर सभेत सांगायचं आणि बाहेर जायचं. मत नाही. सात जणांची समिती, तिच्या हिशेबाने चार विरुद्ध तीन. ती बाहेर गेली की तीन विरुद्ध तीन, आणि बरोबरी झाली की अध्यक्षबाईंचं जादा मत कंपनीला. आठची फेरी गेली, नोकरी गेली.

न सांगता गप्प बसावं? नातं तरी काय होतं? एक बटण! पण उद्या कुणाला कळलं तर? 'बघा, या लोकांना समितीवर घेतलं की असं होतं,' असं म्हणायला रुग्णालयाचे साहेब टपलेलेच होते. तीन दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. तीन दिवस तिने खिडकीची काच लावून घेतली. तो दोनदा येऊन काचेपलीकडे उभा राहिला आणि गेला. दोन्ही वेळा तिने माईकवर चुकीची बस पुकारली.

सभेच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तो दिसलाच. संस्थेच्या म्हाताऱ्या काकांबरोबर बाकावर बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. तिला बघून ताडकन उठला.

"तुम्ही… इथे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. याला खरंच माहीत नव्हतं! तिच्या मनावरचं एक ओझं उतरलं आणि लगेच दुसरं चढलं, कारण आता तर सांगायलाच हवं होतं.

आत छोटी तिच्याशेजारी बसली. छोटी तेवीस वर्षांची, गाडीने जाणाऱ्या तिघांतली, समितीतली सगळ्यांत लहान. रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची. तिला समजायला थोडा वेळ लागे आणि बोलायला त्याहून जास्त. सभेत ती काही म्हणू लागली की ही घाईने म्हणायची, "थांब, मी सांगते." स्पीकर सुरू करण्याचं काम मात्र छोटीचंच, आणि त्यात ती कुणाचं ऐकत नसे.

"कुणाचा अर्जदाराशी काही संबंध?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही." "नाही." "नाही."

तिने कागद पुढे सरकवला. त्यावर चार चौकोन होते: नातेवाईक, नोकरी, व्यवहार, इतर. तिने 'इतर'वर खूण केली होती. पुढची जागा कोरी होती.

"इतर म्हणजे काय? नोंदीत लिहावं लागेल."

अख्ख्या गावाला बसच्या वेळा सांगणारी मुलगी, आणि तिला एक वाक्य सुचेना.

"संस्थेतला एक ड्रायव्हर… मला आवडतो," ती म्हणाली. "त्याला अजून सांगितलेलं नाही."

रुग्णालयाच्या साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. अध्यक्षबाई लिहिता लिहिता थांबल्या. कुणाला खोकावं की हसावं ते कळेना. छोटी हळूच म्हणाली,

"ताई, स्पीकर चालू आहे."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पण धरणी कुठली घेते! नियमाप्रमाणे बाहेर जायचं होतं, आणि बाहेर जायला दार एकच होतं.

कॉरिडॉरमध्ये काका अचानक नोटीसबोर्ड वाचण्यात गढून गेले. तो उभाच होता. कान पुन्हा लालबुंद.

"मी… मला माहीत नव्हतं तुम्ही समितीवर आहात."

"मलाही तुमचं तीन दिवसांपूर्वीच कळलं."

"म्हणून काच लावली? मला वाटलं, बटणाचा राग आला."

तिला हसूही येईना आणि रडूही. तो चाचरत म्हणाला, "ती आठची फेरी अर्जात मीच घालायला लावली. काका नको म्हणत होते, परवडणार नाही म्हणून. म्हटलं, एका मुलीला पाचलाच घरी जावं लागतं…"

काकांनी नोटीसबोर्डकडे बघतच मान डोलावली.

तेवढ्यात स्पीकर खरखरला. साहेब बोलत होते, "आठची फेरी नकोच. कोण बसणार तीत? मागणी करणारं तर कुणी नाही." मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "छोटी, तुला काही सांगायचंय?"

काही आवाज नाही. बराच वेळ नाही.

तिने चाकं घट्ट धरली. "तिला नाही जमणार. मी जाऊन सांगते—"

"तुम्हाला बाहेर थांबायचंय ना?" तो हळूच म्हणाला. "थांबा थोडं. बोलेल ती."

आणि छोटी बोलली. एकेक शब्द सावकाश, मध्ये श्वास घेत.

"माझा ढीग… रोज अर्धा राहतो. पाचला गाडी येते. मग दुसऱ्या मावशी घड्या घालतात. त्या कोपरे जुळवत नाहीत." थांबली. "मला पूर्ण ढीग बघायचाय. गाडी कुणालाही द्या. पण आठला येईल, असं लिहून घ्या. आत्ता लिहा. मी बघते."

आत कुणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. कागद सरकल्याचा आवाज आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं ती या मुलीच्या वतीने बोलत होती, आणि चादरीच्या कोपऱ्यांचं तिला एकदाही कळलं नव्हतं.

मग मतदान झालं. तीन विरुद्ध तीन. अध्यक्षबाईंचं जादा मत कंपनीला, अट एकच: शेवटची फेरी रात्री आठला. कंपनीच्या माणसाने फोनवर ती कबूल केली.

"एका मतानं गेलं," काका पुटपुटले.

"माझ्या," ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना. "माझ्या मतानं गेलं."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला, नजर बरोबरीला आणून. "जाऊ दे. माझी जुनी गाडी आहेच की. आठची फेरी मिळाली ना तुम्हाला? तुमची नोकरी राहिली." मग त्याने स्पीकरकडे बोट केलं. "पण तुमच्या त्या नोंदीत एक चूक आहे."

"कसली?"

"'त्याला अजून सांगितलेलं नाही' असं लिहिलंय. मी तर ऐकलं. सरकारी कागदावर खोटं कसं चालेल? आणि दुसरं म्हणजे…" आता त्याचाच आवाज अडकला. "दुसरं म्हणजे, ते एकाच बाजूचं लिहिलंय. 'दोन्हीकडून' हा शब्द राहिलाय."

सभागृहाचं दार उघडलं. छोटी तोच चार चौकोनांचा कागद घेऊन बाहेर आली, मान ताठ.

"ताई, तुमची सही राहिलीय. अध्यक्षबाईंनी पाठवलंय."

तिने कागद मांडीवर घेतला. 'इतर'पुढे अध्यक्षबाईंनी तिचंच वाक्य उतरवलं होतं, शेवटी थोडी जागा होती. पेन उघडलं आणि ती क्षणभर तशीच थांबली.

"लिहा," छोटी म्हणाली आणि तिच्या खांद्यावरून वाकली. "मी बघते."