रेमंड तुस्कानोंचा खरा गळा

संध्याकाळी साडेपाचला, जहाजाच्या वरच्या डेकवर, इरावतीने रेमंडकाकांच्या गळ्यात स्वरकंठी अडकवली. हे यंत्र तिनेच घडवलेलं. गळ्याच्या स्नायूंची हालचाल ओळखायची आणि जुन्या रेकॉर्डवरून शिकलेला पंचविशीतला आवाज स्पीकरमधून काढायचा, हे त्याचं काम. वसईचे रेमंड तुस्कानो एकेकाळी रॉकचे बादशहा होते. शहात्तराव्या वर्षी आज जहाजकंपनी त्यांची परीक्षा घेणार होती. आवाज रेकॉर्डसारखा लागला तर आणखी तीन वर्षं सफरींवर गायला मिळणार होतं. नाहीतर पुढच्या सफरीपासून त्यांच्या जागी त्यांचं पंचविशीतलं प्रकाशचित्र, म्हणजे होलोग्राम, गाणार होतं.

समोर हजारभर चाहते बसले होते. पिकलेले केस, काळे टीशर्ट आणि उत्साह थेट कॉलेजातला! इरावतीला या मंडळींचं भारी कौतुक वाटे.

रेमंडकाकांचा जुना मित्र आणि साथीदार इग्नेशियसने गिटार छेडली, रेमंडकाकांचा तरुण आवाज कडाडला, आणि दोघांचं काही केल्या जमेना. गिटार दोन स्वर खाली वाजत होती.

 इरावती धावत रंगमंचावर गेली. इग्नेशियसने तर कपाळालाच हात लावला. मित्राचा गळा थकत गेला तसतशी तो तीस वर्षं गाण्याची पट्टी गुपचूप उतरवत आला होता. आजही सवयीने बोटं तिथेच गेली. यंत्राला मात्र रेकॉर्डचीच पट्टी ठाऊक.

"सॉरी रे रेमंड. तुला वाईट वाटेल म्हणून कधी बोललोच नाही."

"अरे, मला काय कान नाहीत?" रेमंडकाका हसले. "तू लपवलंस, म्हणून मीही गप्प बसलो. वाजव आता, आपल्याच पट्टीत."

स्वरकंठी काढून त्यांनी इरावतीच्या हातात दिली आणि गायला लागले. आवाज खरखरीत होता, वरच्या जागी फाटतही होता. पण काय गायले! दम पुरेना तिथे हजार गळ्यांनी ओळ उचलली. असं गाणं झाकायला आपण यंत्र केलं, याची इरावतीला लाज वाटली.

टाळ्या ओसरल्या, तेवढ्यात कंपनीचा निरोप आला. आवाज रेकॉर्डसारखा नव्हता. पुढच्या सफरीला प्रकाशचित्र.

रेमंडकाकांनी निरोप दोनदा वाचला.

"म्हणजे पंचविशीतला मी आता कायम गाणार," ते म्हणाले. "पोरी, त्याला म्हातारं व्हायला शिकवता येईल का गं?"