शाई, खडू आणि न धुतलेला स्वेटर

"पाय धर! अरे, पुढचा पाय!"

"पुढचा कुठला? पुढे दोन आहेत!"

"जो माझ्या गालात रुतलाय तो!"

शेपट्याने पाय धरला, पण तोवर खेळ आटोपला होता. टॉवेलात गुंडाळलेली काळी मांजर ओल्या साबणासारखी निसटली, बादलीवर आदळली आणि बाथरूमच्या कोपऱ्यात जाऊन धडाधड शिंकत सुटली. मांजरीच्या डोळ्यात जायचं मलम घारीच्या भुवईवर बसलं होतं.

"आता तुझा डोळा बरा होणार," शेपट्या म्हणाला.

"तुझा सुजवू का एक?"

घारीला सगळे घारी म्हणायचे ते तिच्या घाऱ्या डोळ्यांमुळे. त्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही आणि तिच्या तोंडून कोणी सुटायचं नाही. धाकटा भाऊ सतत तिच्या मागे, म्हणून तो शेपट्या. पण आज दोघांनाही धड भांडायचासुद्धा जोर नव्हता. घारीने भुवई पुसली, भिंतीला टेकली आणि डोळे मिटले. नळातून गरम पाणी वाहत होतं, आरसा वाफेने आंधळा झाला होता, आणि मांडीवरचा पांढरा बोका तोंड उघडं टाकून घरघर श्वास घेत होता.

सुट्टीचे बेत काय होते आणि झालं काय! पोहायला शिकायचं होतं. पुलापलीकडचा बंद कारखाना धुंडाळायचा होता. त्याऐवजी दिवसभर शेंबूड पुसणं चाललं होतं, आणि तोही मांजरांचा!

सुट्टी लागल्या लागल्या त्यांनी बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून ही भावंडं आणली होती. काळी ती शाई, पांढरा तो खडू. घरात जेमतेम रुळतायत तोच दोघांचे डोळे चिकटले, नाकं वाहायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "मांजरांचा हर्पीस. निवाऱ्यातल्या पुष्कळ मांजरांच्या अंगात असतो, पण झोपलेला. मांजर घाबरलं, दमलं, जागा बदलली, की जागा होतो. माणसांना होत नाही, दुसऱ्या मांजरांना होतो. अंगातून कायमचा जात नाही, पण त्याला पुन्हा झोपवता येतं."

"कसं?"

"शांत ठेवा. एकच खोली, रोजची तीच माणसं, तेच अंथरूण. डोळ्यांत मलम, नाक मोकळं व्हायला वाफ. नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास आला नाही तर मांजर जेवत नाही. आणि जे मांजर जेवत नाही ते..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजच नव्हती.

तेव्हापासून घरातली मागची छोटी खोली मांजरांची झाली. आत फक्त घारी आणि शेपट्याने जायचं, असा नियम झाला. बाबांनीही एक नियम काढला.

"शाळा उघडेपर्यंत बघायचं," ते म्हणाले होते. "मग मात्र दिवसभर घरी कोण आहे? खाली लॉन्ड्रीत मला, आईला, आत्याला मान वर करायला वेळ नसतो. बरी झाली तर राहतील. नाहीतर परत निवाऱ्यात."

परत निवाऱ्यात म्हणजे परत पिंजरा, परत भीती, परत तोच आजार. आणि आजारी म्हणून परत आलेलं मांजर सहसा कोणी नेत नाही, हे निवाऱ्यातल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं.

आता शाळा येत्या सोमवारी उघडणार होती.

---

"झालं का शेंबूडपुराण?" दारातून आवाज आला. समोरच्या घरातला रेडिओ! हा मुलगा एकदा चालू झाला की बंद करायचं बटण सापडत नसे. "मी बाहेरच्या बाहेर विचारतोय, आत येत नाही, नियम मला माहितीये, काल आमच्या आईने विचारलं तुम्ही जिवंत आहात का, मी म्हटलं घारी आहे, कारण तिचा आवाज येतो..."

"रेडिओ, आवाज कमी!"

"एक विचारू? तुमच्या मांजरांना पण तुम्ही सेंट मारता का? इथपर्यंत घमघमाट येतोय!"

"डोकं ठिकाणावर आहे का? आजारी मांजराला कोण सेंट मारेल!" घारी उसळली. "मला तर काही वास येत नाही."

"मलाही नाही," शेपट्या म्हणाला. त्याच्या अंगात तोच तो उसवलेला तपकिरी स्वेटर होता. उकाड्यातसुद्धा! सुट्टीभर त्याने तो धुवायला दिला नव्हता. लॉन्ड्रीवाल्यांच्या घरात असला मळका स्वेटर म्हणजे शोभाच. आत्या तर रोज जिन्यात दबा धरून बसायची. "काढ तो! उभा राहील आपणहून, इतका मळलाय!" पण शेपट्या मांजरांना आपल्या मांडीवर, त्याच स्वेटरात झोपवायचा, आणि रात्री तो स्वेटर कपाटामागे लपवायचा.

वाफ झाली, डोळे पुसून झाले, मलम कसंबसं गेलं. कोमट केलेला मासा हाताने भरवून झाला. खडूने दोन घास खाल्ले! घारीला नाचावंसं वाटलं, पण पायात त्राण नव्हतं. तासाभराने दोघांना घेऊन ती मागच्या खोलीत गेली.

खडूने खोक्यातल्या करड्या ब्लँकेटवर पाय ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग शिंका! शाई थेट कपाटाखाली घुसली.

"पुन्हा!" घारीने कपाळावर हात मारला. "परवाही असंच झालं! खातात, बरी होतात, आणि इथे आली की पहिले पाढे पंचावन्न!"

शेपट्या रडवेला झाला. "आपलं काय चुकतंय गं?"

घारी उत्तर देणार होती, पण तिची नजर ब्लँकेटवर खिळली. निवाऱ्यातून मांजरांसोबत आलेलं ते ब्लँकेट. सकाळी त्याचा नुसता बोळा होता, मधोमध मांजरांनी केलेला खळगा. आणि आता?

आता त्याची घडी होती. तीन पदरी. कडा आत वळवलेल्या. वरून हात फिरवून सपाट केलेली.

"शेपट्या, तू घडी घातलीस?"

"मी? मी माझ्या पांघरुणाची घालत नाही!"

"म्हणजे कोणीतरी आत येतंय," घारी हळूच म्हणाली. "आपण बाथरूममध्ये असतो तेव्हा. ब्लँकेट नेतं, धुतं, वाळवतं आणि आणून ठेवतं. खालच्या मशिनींना तासभर पुरे!"

दाराबाहेर रेडिओने आ वासला. बोलला मात्र नाही. हे नवलच होतं.

---

गच्चीवर टाकीच्या सावलीत बैठक बसली. तिघंही आडवेच पडले होते.

"घडी बघून चोर नाही का ओळखता येणार?" रेडिओने विचारलं.

"आमच्याकडे तिघंही तशीच घडी घालतात. आजोबांनी शिकवलेली. आई गल्ल्यावर बसल्या बसल्या घालते, आत्या इस्त्री करता करता, बाबा झोपेतसुद्धा घालतील."

"मग सरळ विचार ना!"

"विचारलं. तिघांनीही 'आम्हाला वेळ कुठाय' म्हणून हाकलून दिलं." घारीने दात खाल्ले. "वेळ कुठाय म्हणे! थांब, रंगेहाथ पकडते." ती एकदम उठून बसली. "रंगेहाथच पकडते! शेपट्या, तो लाल मोजा कुठाय?"

दुकानात बेवारस कपड्यांची एक पेटी होती. तिच्यात एक नवा कोरा लाल मोजा होता. असा कच्च्या रंगाचा, की आत्या त्याला चिमट्याने उचलायची.

"ब्लँकेटची एक कड उसवलीये," घारी म्हणाली. "त्यात मोजा घालून टाका मारायचा. जो धुवेल त्याचे बाकीचे कपडे गुलाबी! ब्लँकेट गडद आहे, त्यावर काही कळणार नाही."

"आणि गिऱ्हाइकांचे शर्ट गुलाबी झाले तर? तुझ्या पाठीला इस्त्री होईल!" रेडिओ म्हणाला.

"आमच्यापैकी कोणी मेलं तरी जनावराचं पांघरूण गिऱ्हाइकाच्या कपड्यांत घालणार नाही. घालेल तर स्वतःच्याच."

शेपट्याने टाका मारला. वाकडा मारला, पण मारला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोठ्याने ओरडत, बादल्या वाजवत त्यांनी वाफेची वेळ केली. आज मात्र खडूने माशाकडे तोंडच फिरवलं. घारीने बोटाने त्याच्या ओठाला लावून पाहिलं, शेपट्याने गाऊन पाहिलं. बोका नुसता बघत राहिला. तासाभराने खोलीत आल्यावर पाहतात तो ब्लँकेट तीन पदरी घडीत!

"आज काहीच खाल्लं नाही त्याने," शेपट्या पुटपुटला.

घारीने ती घडी ओढून विस्कटली. तिचा राग आता थकव्याखाली धुमसत होता.

---

संध्याकाळी सगळी जेवायला बसली. पंखा फिरत होता, तरी घामाच्या धारा. आत्या वही हलवून वारा घेत होती. आईने बाह्या वर केल्या होत्या. आणि बाबा? बाबांच्या पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली!

घारीने शेपट्याला पायाने ढोसलं. शेपट्याला बरोबर कळलं. त्याने पाण्याचा तांब्या उचलला, बाबांच्या पेल्यापर्यंत नेला आणि...

"अरे, अरे! आंधळा आहेस का!"

भिजलेला शर्ट बाबांच्या छातीला चिकटला. त्यातून बनियन दिसायला लागलं. गुलाबी! अगदी लहान बाळाच्या झबल्यासारखं गुलाबी!

आत्याच्या हातातला घास तसाच राहिला. "दादा, हे रे काय?"

"काय कळत नाही," बाबा चाचरत म्हणाले. "सगळीच झाली. सहाच्या सहा!"

"मोजा होता ब्लँकेटमध्ये!" घारी ताडकन उभी राहिली. "मी घातलेला! बाबा, तुम्हीच जात होता ना खोलीत? तुम्हाला ती नकोच आहेत! ती बरी व्हायला नकोत तुम्हाला!"

बाबांनी ओल्या शर्टाचं वरचं बटण सोडलं. दिवसभर मशिनींशी झटून त्यांचे डोळे खोल गेले होते. घारीने ते आज पहिल्यांदाच नीट पाहिले.

"नको असती तर धुतलं असतं का मी?" ते म्हणाले. "तुला गोवर निघाला होता ना, तेव्हा दिवसातून दोनदा तुझी चादर बदलायचो. आजारी माणसाला स्वच्छ अंथरूण लागतं. मला दुसरं काय येतं गं? धुता येतं. म्हटलं, सोमवारच्या आत लख्ख ठेवलं तर होतील बरी. मग परत न्यायचं नावच काढायला नको." ते थांबले. "तुम्हा दोघांना सांगितलं असतं तर 'नियम, नियम' करून मलाच बाहेर काढलं असतं."

घारी मटकन खाली बसली. भांडायला एवढी जय्यत तयारी केली होती, आणि आता भांडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"पण स्वच्छतेने कोणी आजारी पडतं का?" बाबांनी विचारलं.

तेव्हा घारीच्या डोक्यात टक्क झालं. ती खिडकीत धावली. "रेडिओ! ये, लवकर ये!"

रेडिओ हात पुसत आला. घारीने खोलीतलं ब्लँकेट आणून त्याच्या नाकासमोर धरलं. "हुंग."

रेडिओने हुंगलं आणि पाठोपाठ तीन वेळा शिंकला. "हाच तो वास! मी सांगत होतो ना! तुमच्या दुकानातलं ते निळं सुगंधी पाणी! अख्खी बाटली ओतली की काय?"

"दोन झाकणं जास्त," बाबा ओशाळून म्हणाले. "घरचीच म्हणून. पण वास तर काही येत नाही."

"आपल्याला कसा येईल? आपण त्या वासातच जन्मलो!" घारी ओरडली.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठा श्वास सोडला. "आधीच सुजलेलं नाक, त्यात तो उग्र वास झोंबणारच. आणि अंथरुणाला स्वतःचा वास नाही म्हणजे मांजराला रोज परक्या घरात टाकल्यासारखं. घाबरलेलं मांजर जेवणार कसं? धुवा हो, पण बिनवासाच्या साबणाने, आणि एक तुकडा नेहमी न धुतलेला ठेवा. आत्ता त्यांच्या वासाचं काही आहे का घरात? असेल तर तेच द्या. आणि उद्या सकाळपर्यंत नाही खाल्लं, तर बोक्याला लगेच इकडे आणा."

सगळी एकमेकांकडे बघायला लागली. लॉन्ड्रीवाल्यांचं घर! पडदे धुतलेले, टॉवेल धुतलेले, पायपुसणीसुद्धा धुतलेली. एवढ्या मोठ्या घरात वास मारणारी म्हणून एक चिंधी नव्हती!

शेपट्या हळूच उठला. कपाटामागे हात घालून त्याने तपकिरी स्वेटर ओढून काढला. त्यावर केस होते, मलम होतं, माशाचे डाग होते आणि सुट्टीभराचा शेंबूड होता.

आत्याने नाकाला रुमाल लावला. मग रुमाल काढला आणि म्हणाली, "दे बाबा. जा, आधी तोच दे!"

निळ्या पाण्याचा वास असलेलं सगळं बाहेर गेलं. स्वेटर खोक्यात अंथरला. शाई कपाटाखालून आली, बाहीत डोकं घालून बसली. खडूने स्वेटर बराच वेळ तुडवला. मग त्यात गोल झाला. शेपट्याने कोमट मासा बोटावर धरला. सगळी दारात श्वास रोखून उभी. खरखरीत जिभेचा आवाज आला. एक घास. मग दुसरा. मग वाटीतच तोंड!

"खाल्लं!" रेडिओ किंचाळला. चौघांनी त्याचं तोंड दाबलं.

---

रविवारी डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. शाईचे डोळे उघडे होते, खडूचं नाक जवळजवळ कोरडं. "पुन्हा कधीतरी उठेल हा आजार," त्या म्हणाल्या. "पण उठला तर काय करायचं ते या घराला कळलंय. मोठमोठ्यांना जमत नाही इतकी नेटाने सेवा केलीत पोरांनो, आणि डोकंही चालवलंत!"

"डोकं माझं, मोजा बेवारस," घारी म्हणाली आणि मोठी जांभई दिली.

"नाक माझं!" रेडिओ म्हणाला.

बाबा उठले. घारीला वाटलं, परत न्यायचं की नाही ते आत्ता सांगतील. पण ते खाली दुकानात गेले आणि कपड्यांना बांधतात तशी कापडी चिठ्ठी घेऊन आले. खोक्याशी उकिडवे बसून, झोपलेली मांजरं उठू न देता, त्यांनी ती स्वेटरच्या काजात बांधली. वर पक्क्या शाईत, दुकानाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: धुऊ नये.

"आणि उद्यापासून दुपारची वाफ माझ्याकडे," ते घारीकडे न बघता म्हणाले. त्यांच्या गळ्यातून गुलाबी बनियन डोकावत होतं. "मलम मात्र तूच शिकव. मला चावतील."

"चावतातच," घारी म्हणाली. तिने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. पुढचं वाक्य डोक्यात तयार होतं, चांगलं झणझणीत होतं. पण ते बोलायच्या आतच तिला झोप लागली.