दुसरी जोडा

तिने दुकानाचं शटर वर केलं आणि समोर गाडी. अगदी दारात, आडवी. तिची स्कूटर आत अडकलेली. बॉनेट उघडून एक चष्मेवाला तरुण इंजिनाकडे टक लावून उभा होता. परक्याच्या घरातल्या रडणाऱ्या बाळाकडे पाहुणा बघतो, तसा.

“अहो, गाडी हलवा की!”

“हलली असती तर हललो असतो. किल्ली फिरवली की नुसती कट्-कट् करते. इथे कुणी इलेक्ट्रिशियन आहेत का?”

“आहेत. तुमच्यासमोरच उभ्या आहेत.”

त्याने तिच्या वेणीत खोचलेला टेस्टर पाहिला आणि घाईघाईने बाजूला झाला. ती वाकली, तारा चाचपल्या, बॅटरीवर मीटर लावला.

“बॅटरी ठणठणीत आहे. अर्थ लागत नाहीये.”

“मलाही,” तो म्हणाला. “सकाळपासून.”

ती खुदकन हसली. मग समजावून सांगितलं. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी ही काळी वायर, तिला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. “करंट नुसता जाऊन चालत नाही, त्याला परत यायलाही वाट लागते. ही सैल झाली की सगळं असून नसल्यासारखं.”

“कठीणच आहे,” तो म्हणाला. पण तो वायरकडे बघत नव्हता.

तो जवळच्याच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. त्यानंतर त्याच्या गाडीला नाना दुखणी झाली. कधी हॉर्न आपोआप वाजायचा, कधी एकच दिवा लागायचा. “डोळा मारतेय तुम्हाला,” ती म्हणायची. “गाडी मालकावर गेलीय,” तो म्हणायचा. आतून तिच्या बाबांचा आवाज यायचा, “गाडीचं जाऊ दे, मालकाचंच वायरिंग लूज दिसतंय!”

एकदा काम चालू असताना पावसाची सर आली. त्याने छत्री उघडून बॉनेटवर धरली, तिच्यावर धरली, आणि स्वतः चष्म्यासकट निथळत राहिला.

“भिजताय तुम्ही.”

“दिसत नाहीये मला काही.”

“आणि दुसऱ्यांचे डोळे तपासता!”

“दुसऱ्यांचे... हो. एक जोडी राहिलीय तपासायची. वर बघा बरं.”

तिने वर पाहिलं. मग पाना हातातून निसटला, इंजिनात कुठेतरी खणखणत खाली गेला, आणि तो शोधायला दोघांना बराच वेळ लागला.

निघताना तो नेमाने विचारायचा, “अर्थ आहे ना?” आणि ती म्हणायची, “आहे, आहे. घट्ट आहे.” याहून जास्त दोघं कधी बोलली नाहीत. गाडीच्या आडून बोलणं इतकं सोपं होतं, की गाडी बाजूला सारायची कुणाला घाईच नव्हती.

मग एक दिवस तो म्हणाला, “दूरच्या गावी स्वतःचं दुकान काढतोय. जरा बस्तान बसलं, की...”

“की?”

“की... येईन.”

तिने त्याच्या डिकीत एक जादा केबल ठेवली. “ती काळी वायर म्हातारी झालीय. वाटेत दगा दिला तर फोन करा.”

तिने मनाशी ठरवलं होतं. तो परत आला, की आपणच विचारायचं. गाडीबिडी काही मध्ये न आणता.

फोन आला तो भर दुपारी. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा ग्राइंडर नेमका तेव्हाच किंचाळत होता.

“रस्त्यात अडकलोय,” तो म्हणाला. “पुन्हा कट्-कट्.”

“काळी वायर बघा. पत्र्याला जोडलीय तिथे पांढरी बुरशी धरलीय का?”

“धरलीय.” मग तो थांबला. आवाज बदलला, पण ग्राइंडरने अर्धा खाल्ला. “...मला खरं सांगा... अर्थ आहे का काही?”

“अहो, अजिबात नाही!” ती एक कान दाबून ओरडली. “तेच तर सांगतेय! तिचा नाद सोडा, काढून टाका. सरळ दुसरी जोडा!”

पलीकडून “बरं,” एवढंच.

त्यानंतर फोन आला नाही. “तूच कर की,” बाबा म्हणाले. “मी का करू? गाडी बिघडली की येईल,” ती म्हणाली. पण दुरुस्ती पक्की सांगितली होती तिने. गाडी बिघडलीच नाही. आठवडे गेले, पावसाळा गेला. मग तिने त्याचं नाव काढणंच सोडलं आणि बाबांनीही.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला. शेजारच्या सीटवर एक हसरी मुलगी होती.

“हे म्हणतात, गाडी तुमच्याच हातची ऐकते!” ती उतरताच म्हणाली आणि बाबांच्या मागोमाग पाणी प्यायला आत गेली. तिच्या चपलांचा आवाजसुद्धा आनंदी होता.

तो बॉनेटपाशी घुटमळला. “राग नाही ना? त्या दिवशी फोनवर फार विचारलं मी.”

“काय विचारलंत?”

“विसरलात? घरचे मुलगी बघायला घेऊन चालले होते. म्हणून विचारलं... ‘तुमची वाट बघण्यात अर्थ आहे का काही?’ तुम्ही आपल्या नेहमीच्या भाषेत सांगितलंत. नाद सोडा. दुसरी जोडा.” तो कसंबसं हसला. “लागलं थोडं. पण स्पष्ट सांगितलंत, ते एका परीने...”

तिच्या हातातला पाना जिथल्या तिथे राहिला. दोन वाक्यं पुरली असती. ती ओठांवर आलीही होती, जुळून, तयार.

“घ्या!” हसरी मुलगी पुढ्यात उभी होती. तिने स्वतः प्यायच्या आधी भरून आणलेला ग्लास पुढे केला. “आधी तुम्ही. केव्हाच्या उन्हात उभ्या आहात.”

तिने ग्लास घेतला. चष्मेवाला अजून तिच्याकडेच बघत होता, उत्तरासाठी.

“बरोबरच सांगितलं होतं मी,” ती म्हणाली, आणि ग्लास तोंडाला लावला. पाणी कधीच संपलं, तरी बराच वेळ तिने तो खाली घेतला नाही.