या रविवारचं चर्च

रूपाली शिडीच्या वरच्या पायरीवर होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काचेची पट्टी... आणि नेमकी तेव्हाच डोक्यावर घंटा वाजली.

नुसती घंटा कसली, सगळी भिंतच घणघणली. चुन्याची भुकटी भुरभुरत तिच्या डोळ्यांत गेली. शिडी हलली, की तिला हलल्यासारखी वाटली, कोण जाणे. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "थांबा! अहो, थांबा ना!"

घंटा आणखी एकदा अर्धवट वाजली आणि गप्प झाली.

खाली दाराजवळ एक तरुण उभा होता. हातात जाड दोर, कोपरापर्यंत गुंडाळलेल्या बाह्या, आणि चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा.

"वर कुणी आहे हे मला काय माहीत?" तो म्हणाला.

"एवढी मोठी शिडी दिसली न्हाई?"

"शिडी दिसली. वाटलं, रंगारी असंल."

"रंगारी?"

"उतरा जल्दी. डोळ्यात गेलंय तुमच्या. चोळू नका, बिलकुल चोळू नका..."

त्यानं शिडी धरली. ती चाचपडत उतरली, तर त्यानं तांब्याभर पाणी पुढं केलं. डोळे धुऊन तिनं मान वर केली, तेव्हा समोरचा माणूस हसू दाबत होता. तिच्या केसांवर चुना होता, भुवयांवरही होता. "रंगारी न्हाई तर कोण मंग?" त्यानं विचारलं.

"इंजिनियर," ती म्हणाली, आणि उगाच जास्त ताठ उभी राहिली.

रूपाली खरात तीर्थपुरीची. जालन्यात एका फर्ममध्ये जुन्या इमारती तपासायचं काम करायची. शहरातल्या या सव्वाशे वर्षांच्या दगडी चर्चच्या दर्शनी भिंतीला तडा गेला होता. वरच्या कमानीत घंटा, तिच्या बरोबर खाली तडा. तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीनं फर्मला बोलावलं, आणि काम रूपालीकडं आलं. जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, पाऊस सरला की आक्रसते, आणि वरची भिंत बिचारी तिच्या तालावर हलत राहते. तडा जुनाच आहे की वाढतोय, हे कळायला रूपालीनं त्यावर सहा ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकणार. दर रविवारी, उपासना आटोपली की येऊन बघायचं.

आणि दर रविवारी तिथं तो असायचा, प्रितम साळवे. शाळेत भूगोल शिकवायचा. वडील गेल्यापासून घंटा तोच वाजवायचा. त्याची आई उषाबाई चर्चची झाडलोट बघायची, बाकं पुसायची, फुलं ठेवायची.

दाराशेजारी एक फळा होता. त्यावर खडूनं लिहिलेलं असायचं – 'या रविवारचं चर्च'. खाली जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं चित्र आणि चार ओळी. रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी प्रितम हे करायचा.

"तुम्ही गेलात का कुठं यातल्या?" पहिल्यांदाच तिनं विचारलं.

"एकदा मेदकला गेल्तो, तेलंगणात. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधलेलं हो ते. अन् एकदा गोव्याला. बाकी सगळं चित्रात." तो थोडा ओशाळला. "तुम्ही हसून राह्यल्या का?"

"न्हाई ओ. मी पाया कसा असंल ते बघून राह्यले."

त्या दिवसापासून खेळच सुरू झाला. तो चर्च सांगायचा, ती त्यातलं दुखणं शोधायची. इटलीतल्या पिसाचा कॅथेड्रलशेजारचा मनोरा दाखवला, तर ती म्हणाली, "माती मऊ. एका अंगाला खचली." मेक्सिकोचं भलंमोठं कॅथेड्रल दाखवलं, तर म्हणाली, "हे तर तळ्याच्या गाळावर उभंय. बुडणारच." पॅरिसचं जळालेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं कॅथेड्रल तिला ठाऊक होतं. त्याच्या छपरात एका रानाएवढी लाकडं होती, हे तिनंच त्याला सांगितलं.

"तुम्हाला सगळीकडं दुखणंच दिसतं का हो?" एका रविवारी तो वैतागून म्हणाला. "थांबा. पुढच्या खेपेला असं चर्च आणतो, की त्यात खोट काढून दाखवा."

पुढच्या रविवारी फळ्यावर इथिओपियातलं लालिबेला होतं. जमिनीत, खडकात वरून खाली कोरलेलं, आपल्या वेरूळच्या कैलासासारखं. "भिंत बांधलेलीच न्हाई," प्रितम विजयी मुद्रेनं म्हणाला. "काढा आता तडा!"

रूपालीनं बराच वेळ चित्र बघितलं. "पाणी," ती हळूच म्हणाली. "दगड झिरपत असणार..."

"हद्द झाली!" तो इतका मोठ्यानं हसला, की आतून उषाबाई डोकावल्या. रूपालीही हसली. पण हसता हसता तिची नजर वर गेली आणि हसू तिथंच थांबलं. तीन नंबरच्या काचेवर केसाएवढी रेघ उमटली होती.

तिनं फोटो काढला, वहीत तारीख लिहिली. मग दुसरा फोटो काढला, तारीख पुन्हा ताडून बघितली. ते प्रितमला दिसलं. "एवढं घाबरण्यासारखं आहे का?"

मग तिनं त्याला ते सांगितलं, जे आईलाही नीट सांगितलं नव्हतं. पहिल्या नोकरीत शहागडजवळ एका गोदामाची भिंत फुगलेली तिला दिसली होती. तिनं साहेबाला तोंडी सांगितलं. लिहून दिलं नाही. नवीन होती, भीड वाटली. आठ दिवसांत भिंत बसली. कडूबा नावाचा हमाल खाली सापडला. जीव वाचला, पण पाय कायमचा गेला. "तेव्हापासून मी सगळं लिहिते," ती म्हणाली. "घरातून निघताना गॅसचं बटण दोनदा बघते. लोक हसतात. पण..."

प्रितम हसला नाही. पाण्याचा तांब्या तेवढा त्यानं तिच्या हातात दिला. देताना बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली नाहीत.

त्यानंतर रविवार कसा येतो याचीच ती वाट बघायला लागली... आणि भीतीही रविवारचीच वाटायला लागली. हिरवा दुपट्टा घ्यावा की पिवळा, हा एक घोर. काचा शाबूत असतील ना, हा दुसरा. चर्चच्या फाटकातून आत जाताना तिचं काळीज धडधडायचं, ते नेमकं कशासाठी हे तिचं तिलाच कळेना. प्रितम दोर ओढायचा ती जागा त्या तड्याच्या बरोबर खाली होती. ती दुरून बघायची, आणि शेवटचा टोला पडेपर्यंत श्वास धरून राहायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सहापैकी चार काचा तडकलेल्या होत्या. एक तर दोन तुकडे होऊन खाली पडली होती.

बुधवारी तिचा रिपोर्ट कमिटीकडं गेला. दर्शनी भिंत धोक्यात आहे, पायाचं काम होईपर्यंत चर्च बंद ठेवावं, आत कुणी जाऊ नये. नाताळ बारा दिवसांवर आला होता.

संध्याकाळी प्रितम तिच्या ऑफिसच्या दारात उभा होता. चेहरा उतरलेला.

"सव्वाशे वर्षांत एक नाताळ चुकला न्हाई आमचा," तो म्हणाला. "प्लेगमध्ये न्हाई, रझाकारांच्या वेळी न्हाई. आई सकाळपासून जेवली न्हाई. थोडं... थोडं सबुरीनं लिहिता आलं नसतं का? पंधरा दिवसांचा तर सवाल होता."

"अन् त्या पंधरा दिवसात पडलं तर?"

"अन् न्हाई पडलं तर?"

भिंत आणखी दहा वर्षंही उभी राहू शकली असती, हे तिला पक्कं माहीत होतं. कुठली भिंत कधी पडेल हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

"सात रविवार मी तुम्हाला जगातली चर्च दाखवली," तो म्हणाला, "अन् तुम्ही माझंच बंद केलं."

"त्या दोराखाली तुम्ही उभे राहता!" तिच्या तोंडून निघून गेलं. "दुसरं कुणी न्हाई, तुम्ही! ते मला बघवत न्हाई... कळत कसं न्हाई तुम्हाला?"

तो तिच्याकडं बघतच राहिला. मग वळून निघून गेला.

पुढचा रविवार ती चर्चकडं फिरकली नाही. त्याचा फोन नाही, मेसेज नाही. आपण रागावलेल्या माणसासमोर भलतंच बोलून बसलो, या विचारानं तिचे कान तापायचे. मग वाटायचं, तो हट्टाला पेटून आत गेला तर? सुट्टी टाकून ती तीर्थपुरीला आली. चोवीस तारखेला दुपारी आईला, प्रभावतीबाईंना, मेथी निवडू लागली होती तेव्हा फोन वाजला. प्रितमचा मेसेज. एकच ओळ.

'उद्या सकाळी नऊला घंटा वाजणार.'

तिनं लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. फर्मच्या साहेबांना लावला, ते उचलेनात.

"काय झालं ग?" आईनं विचारलं. "तोंड पांढरं पडलंय."

रात्रभर फोन लागला नाही, तेव्हा सकाळी सातला तिनं वडिलांना, राजानंद गुरुजींना, उठवलं. "पप्पा, मला जालन्याला सोडता? आत्ता. बसनं वेळेत व्हायचं न्हाई."

निवृत्त शिक्षक माणूस. कानटोपी चढवली आणि काही न विचारता मोटारसायकल काढली. थंडी झोंबत होती. दोन्ही बाजूंना तुरीची रानं, मधूनच उसाचे ट्रॅक्टर. अंबड मागं पडल्यावर गुरुजींनी मान न वळवता विचारलं, "मुलगा कोण आहे?"

"कोणता मुलगा? पप्पा, भिंत धोक्याची आहे..."

"भिंतीसाठी कुणी रात्रभर कूस बदलत न्हाई, बाई."

तिनं वाऱ्यातच सांगून टाकलं – नाव, नोकरी, चर्च, सगळं. गुरुजींनी मोटारसायकलचा वेग तेवढा वाढवला.

जालन्यात शिरता शिरता चौकात गर्दी लागली. नऊला पाच मिनिटं कमी होती. रूपाली उतरली आणि पळत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, तिनं चप्पल हातात घेतली. चर्चचं छप्पर दिसायला लागलं, तेवढ्यात –

घंटा वाजली.

एक टोला. दोन. तीन. ती डोळे मिटून उभी राहिली, दगड कोसळल्याचा आवाज ऐकायला... तो आला नाही. चौथा टोला पडला. मग तिच्या ध्यानात आलं, की आवाज वरून येत नाही. शेजारच्या शाळेच्या मैदानातून येतोय.

मैदानात मांडव होता, माणसांनी भरलेला. चर्चच्या दाराला कुलूप होतं, समोर बांबूचा अडसर. वरची कमान रिकामी. आणि मांडवाच्या तोंडाशी तीन लोखंडी गर्डर जोडून केलेल्या तिकाटण्यावर घंटा टांगलेली, खाली दोर ओढत प्रितम.

त्यानं तिला बघितलं. विस्कटलेले केस, हातात तुटकी चप्पल, डोळ्यांत पाणी. दोर दुसऱ्याच्या हातात देऊन तो धावत आला.

"कुणाला विचारून काढली घंटा?" ती कडाडली. "भिंत हलली असती म्हंजे?"

"तुमच्या साहेबांना विचारून. ते सोता उभे होते समोर. आमचा एकजण स्टीलच्या मिलमध्ये आहे, त्यानं क्रेन आणली. बाहेरूनच उचलली, भिंतीखाली एक माणूस जाऊ दिला न्हाई. तुम्हीच लिहिलं होतं – भिंतीवरचं वजन कमी करावं. पान आठ."

"तुम्ही... रिपोर्ट वाचला?"

"अकरा पानं. तीनदा. अर्धं समजलं न्हाई." तो खाली बघत म्हणाला. "पण कुणीतरी माझ्या जिवासाठी अकरा पानं लिहिली, एवढं समजलं."

"मंग तसं सांगायचं ना! असा मेसेज करतं का कुणी? माझा जीव गेल्ता, प्रितम!"

"चुकलो. सरळ बोलावलं असतं तर तुम्ही आल्या नसत्या, असं वाटलं... मी बोललोच तसं होतो." त्यानं तिच्या हातातली तुटकी चप्पल अलगद घेतली. "फोनची बॅटरी मेली, मंग आणखीच घोळ झाला. रूपाली, मला तू पाहिजेस. भिंत बघायला न्हाई. अशीच, रोज. भीत-भीत का होईना, पण तू."

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघितलं. अजून धाप लागलेलीच होती. "मी लई काळजी करते," ती म्हणाली. "लग्नानंतर कमी होईल असं समजू नको."

"समजत न्हाई."

"मंग... मलापण तूच पाहिजे."

मागून खाकरल्याचा आवाज आला. गुरुजी. प्रितमनं घाबरून चप्पल पाठीमागं लपवली, आणि काय म्हणावं न सुचून गुरुजींच्या पाया पडायला वाकला. गुरुजींनी त्याला मध्येच थांबवलं.

तोवर उषाबाई लगबगीनं आल्या. "सलाम, दादा. या ना आत. करंज्या केल्यात, चहा ठेवलाय."

"जयभीम, ताई," गुरुजी म्हणाले. खुर्चीवर बसले, कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग प्रितमकडं वळले. "आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरात दुसरा देवधर्म न्हाई. ही लग्नासाठी धर्म बदलणार न्हाई, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. मी कधी म्हणणार न्हाई. मलापण कुणी म्हणू नये, एवढंच."

गुरुजींनी मान हलवली. हो म्हणून, की नुसतीच, रूपालीला कळेना. उषाबाईंनी बशी पुढं केली. गुरुजींनी एक करंजी उचलली, सावकाश खाल्ली, रुमालानं बोटं पुसली आणि बंद चर्चकडं बघितलं.

"पायाचं काम किती दिवस चालंल?"

"वर्ष तरी जाईल, सर," प्रितम म्हणाला.

"म्हंजे वर्षभर हिचं इथं येणं-जाणं राहणारच." गुरुजींनी दुसरी करंजी उचलली. "ठीक आहे. एकमेकांना ओळखायला वर्ष बराबर आहे. तुमच्या आईला घेऊन एकदा तीर्थपुरीला या. हिच्या आईशीही बोलावं लागंल."

मांडवात गाणं सुरू झालं होतं. लोक सरकून बसले, दोघांपुरती जागा झाली. रूपाली एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, तशीच जाऊन बसली. प्रितम शेजारी बसला. सगळ्यांचं लक्ष समोर आहे असं बघून तिनं त्याचा हात धरला, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.